वापरलं की गेलं

‘वापरलं की गेलं,’ असं म्हणायचं आणि प्लॅस्टिकचा सुटलेला कोपरा पुन्हा आत खोचायचा. खोचून झाला की त्या जागी दोन बोटांनी हलकेच थोपटायचं, झोपलेल्या बाळाला थोपटतात तसं. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आठवायचे म्हटले की मला आधी ती दोन बोटं दिसतात, चेहरा नंतर.

प्लॅस्टिक कशाकशावर होतं ते सांगण्यापेक्षा कशावर नव्हतं ते सांगणं सोपं. क्लबहाउसमधल्या ट्रेडमिलवर होतं, सायकलींवर होतं, सोफ्यांवर होतं, टेबल टेनिसच्या टेबलावर तर दुहेरी होतं. कॅरमबोर्ड जुन्या चादरीत गुंडाळून भिंतीला टेकवलेला असे आणि त्याच्या सोंगट्या सेक्रेटरींच्या घरी देव्हाऱ्याखालच्या खणात. तुमच्याही सोसायटीत असा एखादा गृहस्थ असेल. नसला तर तुमचा ट्रेडमिल एव्हाना मोडला असेल.

आमची सोसायटी जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून लोधिवलीच्या अलीकडे आत वळलं की लागते. मागे डोंगर, पुढे कुणाचं तरी भाताचं शेत, मध्ये आम्ही. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर मी इथे घर घेतलं. बिल्डरच्या माहितीपत्रकात घरांना दोन पानं होती आणि बाकी सगळी सोयींना. पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, ज्येष्ठांचा कट्टा, उघडं नाट्यगृह, वाचनकक्ष. हे चाळताना प्रत्येकाला वाटतं की आपण रोज पहाटे पोहू, संध्याकाळी खेळू, रविवारी वाचू. खरं तर आपण त्या घराबरोबर एका वेगळ्याच माणसाचेही पैसे भरत असतो. जो पहाटे पोहतो तो माणूस. तो पुढे राहायला येतच नाही.

मी राहायला आले त्याच आठवड्यात वाचनकक्ष बघायला गेले. सेक्रेटरी किल्ल्यांचा जुडगा घेऊन माझ्यापुढे चालत होते.

‘‘चपला बाहेर, बाई.’’

मी चपला काढल्या. त्यांनी दिवे लावले, मला पाच मिनिटं आत फिरू दिलं आणि दिवे मालवले. काचेच्या कपाटात चामडी बांधणीची जाडजूड पुस्तकं होती. एक काढून दाखवाल का, असं मी विचारलं.

‘‘ती पुस्तकं नाहीत. पुठ्ठ्याचे डबे आहेत, बिल्डरने शोभेला ठेवलेत. पण एकही हललेला नाही बघा आजवर.’’

मला हसू आलं, पण परकं काही वाटलं नाही. मी ज्यांच्या हाताखाली नोकरीला लागले ते ग्रंथपाल एकही पुस्तक हरवलं नाही असं दरवर्षी अभिमानाने सांगत, आणि त्यासाठी ते एकही पुस्तक घरी देत नसत. हा स्वभाव मला ओळखीचा होता.

सेक्रेटरींचं सगळं आयुष्य गिरणगावातल्या चाळीत गेलं होतं. तिथल्या मंडळाच्या कॅरमची गोष्ट ते नेहमी सांगत. आधी स्ट्रायकर गेला, मग राणी गेली, मग कोपऱ्यांच्या जाळ्या गेल्या, आणि शेवटी तो बोर्ड तळमजल्यावरच्या एका घरात पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून सापडला. ‘‘सामायिक वस्तू सगळ्यात आधी मरते, बाई. मी डोळ्यांनी बघितलंय.’’ हे सांगताना त्यांचा आवाज असा होई की कॅरमबोर्ड नव्हे, धाकटा भाऊ गेला असावा. सगळ्यांच्या मालकीची वस्तू सगळ्यांचीच राहायला हवी असेल, तर ती कुणीच वापरता कामा नये, या निष्कर्षाला ते आले होते. यात चूक कुठे आहे ते मला त्यांना कधी पटवता आलं नाही.

स्विमिंग पूल मात्र पहिलं वर्ष वापरात होता. रंगपंचमीला पोरं रंगासकट त्यात उतरली. कुणाचे तरी पाहुणे जीन्स घालून पोहले. त्याच वर्षी एका कुटुंबाने दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन पूलच्या उथळ बाजूला केलं, आरतीसकट. मूर्ती शाडूची होती, त्यामुळे पर्यावरणाला धोका नव्हता. फिल्टरला होता. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी काठावर उभे राहून तळाला बसलेल्या मातीकडे बघत होते. देवावर रागावता येत नव्हतं आणि माणसांची नावं घ्यायची सोय नव्हती.

त्यांनी पूल रिकामा करून घेतला आणि सर्वसाधारण सभेत ठराव आणला. सोसायटीच्या तीन चतुर्थांश घरमालकांनी सभेला जातीने हजर राहून हात वर केला, तरच पूल पुन्हा भरायचा. दुसऱ्याच्या हाती संमती पाठवलेली चालणार नाही, फोनवरची चालणार नाही, आणि हा ठराव बदलायचा झाला तरी तेवढेच हात लागतील. उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात, त्यामुळे पाण्याच्या काळजीने सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे निम्म्याहून जास्त घरमालक राहतच नाहीत. कुणी भाव वाढेल म्हणून घर घेऊन ठेवलेलं, कुणी परदेशात, कुणी मे महिन्यात चार दिवस येणारे.

‘‘तेवढी माणसं या जन्मात जमायची नाहीत,’’ सभेनंतर ते मला खुशीत म्हणाले. ‘‘असं बांधून ठेवलंय की मी गेलो तरी कुणाला सोडवता येणार नाही.’’

तेव्हापासून आमचा पूल कोरडा. पण तो होता, हे महत्त्वाचं. रविवारी पाहुणे आले की लोक त्यांना खाली नेऊन तो निळा खड्डा दाखवत. ‘‘हा आमचा पूल.’’ पाहुणे मान डोलावत. आपल्या सोसायटीत पूल नाही याचं त्यांना वाईट वाटे आणि सगळे चहा प्यायला वर जात. एवढं काम तो कोरडा राहूनही चोख करत होता.

पावसाळ्यात तो आपोआप भरायला बघायचा. रायगडच्या पावसाला ठराव माहीत नव्हता. मग सेक्रेटरी रेनकोट आणि गमबूट घालून निघत, सोबत वॉचमन बाळाराम आणि छोटा पंप. पाणी साचलं की डास, डास झाले की तक्रारी. जोराची सर येऊन गेली की दोघं काठावर हजर. बाळाराम जवळच्याच गावचा. तो पंपाचा पाइप सोडता सोडता ऐकवायचा, ‘‘सायब, आमच्या गावच्या तलावात म्हशीबी पवतात. तुमचा येवढा निळा तलाव, त्यात बेडूकपन ऱ्हाऊ देत नाय तुमी.’’

‘‘तुझ्या म्हशी मेंटेनन्स भरतात का?’’

‘‘दूद देतात ना, सायब. तुमचे मेंबर काय देतात?’’

यावर सेक्रेटरी हसत, पण पंप बंद करत नसत.

त्यांच्या घरी वहिनी होत्या. त्यांच्या पत्नीला सगळी सोसायटी वहिनी म्हणे. घरातल्या सोफ्यालाही प्लॅस्टिक होतं, रिमोटलाही होतं, आणि शोकेसमधला चिनीमातीचा टी-सेट लग्नापासून कोरा होता. मला स्टीलच्या कपात चहा देताना वहिनी म्हणायच्या, ‘‘ते कप पाहुण्यांसाठी आहेत. पण तेवढा मोठा पाहुणा आमच्याकडे अजून आलेला नाही. मी वाट बघत्ये.’’

वहिनींचं एक गुपित होतं. दुपारी सेक्रेटरी झोपले की त्या खाली उतरत आणि मुलांच्या बागेतल्या झोपाळ्यावर बसत. मुलं शाळेत असत. झोपाळ्याच्या कड्यांना सेक्रेटरींनी चिंधी बांधून ठेवलेली असे, कुणी बसलं तर कळावं म्हणून. वहिनी ती सोडत, झोके घेत आणि परत तशीच बांधत. बाळाराम जिन्याकडे लक्ष ठेवून उभा राही. सोसायटीच्या सोयींचा नियमित लाभ घेणारी एकुलती एक व्यक्ती म्हणजे सेक्रेटरींची बायको, हे सेक्रेटरी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

मग एका सकाळी वहिनींच्या हातून स्टीलचा कप पडला आणि त्या उचलायला वाकल्या त्या उठल्याच नाहीत. डावी बाजू लुळी पडली. दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा वाचा परत आली होती, हातही थोडा हलत होता, पण पाय ऐकत नव्हता. झोपाळ्याच्या चिंधीची गाठ मग कुणी सोडली नाही.

कर्जतला व्यायाम शिकवणाऱ्या एक डॉक्टरीणबाई आहेत. त्यांच्याकडे वहिनींना नेलं त्या दिवशी मीही बरोबर होते. त्यांनी पाय हलवून पाहिला, वाकवून पाहिला.

‘‘जमिनीवर त्यांचं वजन त्या पायाला झेपत नाही. पाण्यात शरीर हलकं होतं. छातीपर्यंत पाण्यात रोज चालवलंत तर पाय परत येईल असं वाटतं मला. पण आत्ताच्या महिन्यांत. नंतर तो आखडतो. जवळपास कुठे पूल आहे का?’’

‘‘आहे की,’’ सेक्रेटरी म्हणाले. क्षणभर त्यांची छाती फुगलेली मी पाहिली. ‘‘आमच्याच सोसायटीत आहे. पायऱ्या आहेत, धरायला दांडा आहे, सगळं अगदी नव्यासारखं.’’

‘‘मग नशीबवान आहात तुम्ही,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

परत रिक्षाने निघालो. चौक गाव आलं तेव्हा वहिनींनी उजव्या हाताने नवऱ्याचा गुडघा थोपटला, दोन बोटांनी.

आधी ते वहिनींना जवळच्या एका रिसॉर्टवर घेऊन गेले. आमच्या भागात आता भातापेक्षा रिसॉर्टं जास्त पिकतात. तिथे कानठळ्या बसवणारी गाणी होती, पाण्यात चेंडू उडत होते, उतरायला पायऱ्यांऐवजी उभी लोखंडी शिडी होती. तिथल्या माणसाने सांगितलं की गाऊनवर पाण्यात सोडता येत नाही, पोहण्याचा पोशाख सक्तीचा आहे. ‘‘नियम बरोबर आहे त्यांचा,’’ घरी येऊन सेक्रेटरी मला म्हणाले. पनवेलला एक सोय होती, पण तेवढा वेळ गाडीत बसून वहिनी इतक्या शिणल्या की तिथे गेल्यावर त्यांना नुसतं झोपवावं लागलं.

सेक्रेटरींनी तातडीची सभा बोलावली. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. चेअरमन उजवीकडच्या विंगमधला तरुण होता, घरांच्या खरेदी-विक्रीची दलाली करणारा. सभा कशी चालवायची हे त्याला सेक्रेटरींनीच शिकवलं होतं. प्लॅस्टिक घातलेल्या सोफ्यांवर आम्ही बसलो, आणि कुणी जरा हललं की करकर आवाज येई.

सेक्रेटरी थोडक्यात बोलले. पूल भरावा, फक्त काही महिन्यांसाठी. टँकरचा खर्च ते स्वतः करतील.

चेअरमनच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. ‘‘काका, तुमच्यासाठी काय वाटेल ते. पण ठराव तुम्हीच केलात. तुम्हीच म्हणता ना, माणसं बदलतात, ठराव राहतो.’’

‘‘म्हणतो,’’ सेक्रेटरी म्हणाले.

‘‘आणि काही झालं तर जबाबदार कोण?’’ मागून एक जण म्हणाला. हा प्रश्नही सेक्रेटरींचाच होता. गेली कित्येक वर्षं ते प्रत्येक सभेत तो विचारत आले होते.

सगळे चांगले लोक होते, खोटं कशाला बोलू. जेवढे हजर होते तेवढ्या सगळ्यांनी हात वर केले. पण हजर होते निम्म्याहूनही कमी. मला राहवलं नाही. मी उठून म्हटलं, ‘‘जे इथे राहतात ते सगळे तयार आहेत. जे राहतच नाहीत त्यांची वाट कशाला बघायची? आपण आत्ता ठरवू आणि उद्या पूल भरू.’’

दोघा-तिघांनी माना डोलावल्या. चेअरमनही डोलावणार होता. तेवढ्यात सेक्रेटरी उभे राहिले.

‘‘बाई, ते नियमात बसत नाही,’’ ते म्हणाले. मग सभेकडे वळून त्यांनी आपल्या बायकोसाठी पूल का भरता येणार नाही ते सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. आज आपल्यासाठी वाकवला तर उद्या कुणासाठीही वाकेल. सवयीने बोलत गेले असावेत. बोलणं संपलं तेव्हा आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं. ते खाली बसले आणि सोफा करकरला.

त्यानंतर ते रोज बाहेरच्या घरमालकांना फोन करत. अमुक रविवारी फक्त अर्ध्या तासासाठी या, हात वर करा आणि जा. बहुतेक जण ‘बघतो’ म्हणाले. एकाने विचारलं, पूल अजून आहे का. परदेशातला एक अगदी आपुलकीने बोलला, वहिनींची चौकशी केली आणि म्हणाला, ‘‘काका, मी तो फ्लॅट विकायला काढलाय. पूल भरलेला असतानाचा एखादा फोटो असेल तर पाठवाल का?’’

सेक्रेटरींनी शोधून पाठवला.

ठरलेल्या रविवारी खुर्च्या मांडल्या. मागच्या सभेपेक्षा तीन माणसं जास्त आली.

बाळारामने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘सायब, ठराव ऱ्हाऊ द्या तुमचा. मी पानी सोडतो, फिल्टर चालू करतो. कोन इचारतंय? आन इचारलं तर माजं नाव सांगा.’’

सेक्रेटरींनी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला खाली बोलावलं. साक्षीला बोलावलं असावं. आयुष्यात पहिल्यांदा ते नियम मोडणार होते आणि तोही त्यांना रीतसर मोडायचा होता. पूलच्या मागच्या खोलीचं कुलूप त्यांनी स्वतः काढलं. फिल्टरच्या मोटरवर त्यांनीच बांधलेलं जाड प्लॅस्टिक होतं, सुतळीने घट्ट आवळलेलं. बाळारामने सुतळी कापली आणि प्लॅस्टिक उचललं.

आत कोंडलेल्या ओलीने मोटर गंजून एकसंध झाली होती. बाळारामने पान्याने फिरवून पाहिलं, ठोकून पाहिलं. गंजाचे पापुद्रे तेवढे खाली पडले.

‘‘नवी आनावी लागंल. हिच्याबिगर पानी चार दिसांत सडंल,’’ तो म्हणाला. नवी मोटर म्हणजे, पैसे कुणीही भरले तरी, मंजुरी, आणि मंजुरी म्हणजे सभा. हे तिघांनाही कळलं. सेक्रेटरींनी ते प्लॅस्टिक पुन्हा मोटरवर घातलं. कोपरा खोचला. या वेळी थोपटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या गॅलरीतून मला ते दिसले. बाळाराम आणि सेक्रेटरी वहिनींना दोन्ही बाजूंनी धरून कोरड्या पूलच्या पायऱ्या उतरवत होते. शेवटच्या पायरीवर वहिनी थांबल्या, आणि चांगल्या हाताने त्यांनी गाऊन घोट्यावर उचलून धरला, पाण्यात उतरताना धरतात तसा.

‘‘हं, पाणी आहे असं समज,’’ सेक्रेटरींचा आवाज त्या निळ्या भिंतींमध्ये घुमला.

‘‘समजले. गार आहे हो फार.’’

काठाकाठाने स्टीलचा दांडा होता. वहिनी तो धरून पाय ओढत होत्या, आणि सेक्रेटरी त्यांच्यापुढे हात पसरून उलटे चालत होते. थोडं चाललं की वहिनींना बसावं लागे, म्हणून पूलच्या मधोमध एक पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली होती. क्लबहाउसमधली, कोरी. तिच्यावर प्लॅस्टिक नव्हतं. ती खुर्ची पुढे तिथेच राहिली.

उन्हाळाभर हे चाललं. कोरड्या फरशीवर पाय हलका होत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आणि सेक्रेटरींना ते मान्य होतं. तरी ते नेत होते. एकदा मी काठावर बसले होते तेव्हा वहिनी खुर्चीवरून म्हणाल्या, ‘‘बघा ताई, शेवटी मीच वापरला यांचा पूल. आणि कुठे काही खराब झालं नाही.’’

‘‘तुझ्यासाठीच ठेवला होता,’’ सेक्रेटरी म्हणाले. विनोद करायला गेले होते ते. तो झाला नाही.

मे सरता सरता वहिनी त्याच फरशीवर पडल्या. हाड मोडलं नाही, पण पाय आखडला तो आखडलाच. सांगलीहून मुलगी आली आणि दोघांना घेऊन गेली. निघताना सेक्रेटरींनी किल्ल्यांचा जुडगा चेअरमनकडे दिला आणि गाडीत बसता बसता बाळारामला हाक मारली.

‘‘पावसात पंप लाव रे. पाणी साचू देऊ नकोस.’’

‘‘नाय देत, सायब. तुमी वैनींना बघा.’’

पण सोसायटीने वॉचमनची एजन्सी बदलली आणि बाळारामला खोपोलीकडे कुठेतरी पाठवलं. नव्या पोशाखातल्या नव्या माणसांना पंप कुठे असतो हे माहीत नव्हतं, आणि विचारणारंही कुणी नव्हतं.

आषाढात आठ दिवस डोंगर दिसला नाही. पाऊस उघडला त्या सकाळी मी खाली उतरले तेव्हा सेक्रेटरींचा फोन आला. वहिनी आता पलंगावरच असतात, जेवण बरं जातं, तुमची आठवण काढतात, असं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, ‘‘बाई, पंप लावतात ना? पूलमध्ये पाणी साचलं नाही ना?’’

मी पूलच्या काठावरच उभी होते. पाणी पायऱ्यांच्या वर आलं होतं, दांड्याला टेकलं होतं. वहिनींच्या छातीपर्यंत आलं असतं.

‘‘नाही,’’ मी म्हटलं. ‘‘कोरडा आहे अगदी.’’

‘‘बरं झालं,’’ ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

बेडूक ओरडत होते. पांढरी खुर्ची आडवी होऊन पाण्यावर तरंगत होती. वारा आला की ती उथळ बाजूच्या पायऱ्यांपर्यंत जाई, दांड्याला हलकेच आपटे आणि परत फिरे.